छतावर सायकली, पुढे कोकण

कोकणात सायकल चालवायची तर एकतर तिथे भाड्याने घ्यावी लागते, नाहीतर घरची न्यावी लागते. भाड्याची सायकल मिळाली तरी ती मुलांच्या उंचीची असतेच असे नाही. म्हणून घरच्याच दोन सायकली गाडीवर लादून पुण्याहून श्रीवर्धनला न्यायच्या, असे आम्ही दिवाळीनंतर ठरवले. ठरवायला दहा मिनिटे लागली. सायकली गाडीवर कशा बसवायच्या हे शोधण्यात मात्र पुढचे पाच आठवडे गेले. त्या शोधाचा आणि त्यानंतरच्या चार दिवसांच्या सफरचा हा हिशेब, कारण हाच प्रश्न आता आमच्या ओळखीतली दोन-तीन कुटुंबे विचारू लागली आहेत.

एवढा खटाटोप का, हेही सांगायला हवे. आमची थोरली नववीत आहे. सातवीपर्यंत ती शाळेत सायकलनेच जायची. मग रस्त्यावरची गर्दी वाढली, क्लासच्या वेळा वाढल्या आणि सायकल जिन्याखाली गेली. कोणी मनाई केली नव्हती, तरी सायकल सुटली. आपल्या घरांतल्या किती मुलींची सायकल अशीच, कोणी काही न बोलता सुटते! धाकटा सहावीत, त्याची सायकल सोसायटीच्या आवारात तरी फिरते. ‘‘त्याला आवार पुरतं, मला नाही पुरत,’’ असे थोरली एकदा म्हणाली. त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. मोकळा रस्ता शहरात मिळेना, तेव्हा मोकळ्या रस्त्यापर्यंत सायकल नेणे एवढेच हाती होते.

पहिला विचार स्वस्ताचा केला. डिकीच्या दाराला पट्ट्यांनी अडकवायचे कॅरिअर मिळते. ते कमी पैशांत येते आणि सायकल उचलून डोक्यावर चढवावी लागत नाही. पण आमच्या लहान हॅचबॅकला ते लावले की नंबरप्लेट आणि मागचे दिवे सायकलींच्या आड जातात. नंबरप्लेट झाकणे कायद्याला धरून नाही, आणि ब्रेकचा दिवा न दिसणे मागून येणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. शिवाय पट्ट्यांचे हुक डिकीच्या कडेवर आणि प्लॅस्टिकच्या स्पॉयलरवर ताण देतात, आणि वाटेत डबा काढायचा तर आधी सायकली उतरवा. रस्त्यावरची इजा दूर करणे हा सदका आहे, असे आपण मुलांना शिकवतो. मग आपणच इजा घेऊन रस्त्यावर कसे उतरायचे? म्हणून छतावरचे कॅरिअर घ्यायचे ठरले.

छतावरच्या कॅरिअरचे दोन भाग असतात, हे दुकानात गेल्यावर नीट कळते. आधी छतावर दोन आडवे बार बसतात आणि त्या बारांवर प्रत्येक सायकलीचे वेगळे कॅरिअर बसते. आडवे बार कशाला धरणार, हा पहिला प्रश्न. काही गाड्यांच्या छतावर उभ्या पट्ट्या म्हणजे रूफ रेल असतात. त्यातल्या बऱ्याच नुसत्या शोभेच्या, प्लॅस्टिकच्या असतात. त्यांना वजन पेलत नाही. आपल्या गाडीच्या रेल कशा आहेत हे गाडीच्या पुस्तिकेत पाहावे, दुकानदाराच्या तोंडावर सोडू नये. आमच्या गाडीचे छत साधे, रेल नसलेले. अशा छतासाठी दाराच्या चौकटीला धरणाऱ्या, रबरी पाय असलेल्या पकडी येतात. त्या गाडीच्या मॉडेलप्रमाणे वेगळ्या असतात. ‘‘सगळ्या गाड्यांना बसतं,’’ असे कोणी सांगितले तर दार लावून, उघडून, पुन्हा लावून पाहावे.

दुसरा प्रश्न वजनाचा. छत किती किलो पेलते हा आकडा पुस्तिकेत असतो, आणि तो गाडी चालू असतानाचा असतो. आमच्या गाडीचा आकडा 50 किलो निघाला. त्यात फक्त सायकलींचे वजन धरून चालत नाही. बार आणि कॅरिअरही मोजावे लागतात. धाकट्याने वहीत मांडलेले गणित असे: आडवे बार 5 किलो, दोन कॅरिअर प्रत्येकी 4 म्हणजे 8 किलो, थोरलीची सायकल 15 आणि त्याची स्वतःची 14. एकूण 42. तिसरी सायकल चढवली असती तर आकडा ओलांडला असता, म्हणून आम्हा दोघांच्या सायकलींचा विषय तिथेच संपला. बारांची आणि कॅरिअरचीही आपापली मर्यादा असते. या सगळ्यांत जी सर्वांत कमी, ती आपली मर्यादा. आपली जुनी काळी सायकल 20 किलोच्या पुढे जाते. ती बऱ्याच कॅरिअरना झेपत नाही.

तिसरा प्रश्न, कॅरिअर सायकलीला कुठे धरणार? यात तीन प्रकार आहेत.

पहिल्यात पुढचे चाक काढून सायकलीचा चिमटा, म्हणजे फोर्क, कॅरिअरमध्ये अडकवतात. हे कॅरिअर हलके असते आणि सायकल थोडी खालीही बसते. पण काढलेले चाक गाडीत ठेवावे लागते, आणि सायकलीचा आस त्या कॅरिअरशी जुळावा लागतो. नटबोल्टने घट्ट केलेल्या आपल्या साध्या सायकलींना हा प्रकार त्रासाचा. डिस्क ब्रेक असेल तर चाक काढल्यावर ब्रेक दाबायचा नाही, नाहीतर आतल्या पट्ट्या एकमेकींना चिकटतात.

दुसऱ्यात एक उभा हात सायकलीच्या फ्रेमचा खालचा दांडा पकडतो आणि दोन्ही चाके पन्हाळीत बसतात. चढवायला हा सगळ्यात सोपा. पण लेडीज सायकलीच्या खाली वाकलेल्या दांड्यावर पकड नीट बसत नाही, आणि कार्बनच्या फ्रेमला तो दाब सोसत नाही.

तिसऱ्यात फ्रेमला हातच लागत नाही. एक आकडा पुढच्या चाकावर घट्ट बसतो आणि मागचे चाक पट्ट्याने बांधले जाते. फ्रेम कोणत्याही आकाराची चालते. मात्र पुढचे मडगार्ड आड येते. तिघांत महाग हाच.

थोरलीची सायकल वाकलेल्या दांड्याची. म्हणजे दुसरा प्रकार तिच्या सायकलीला जमणारा नव्हता आणि पहिल्यासाठी आस जुळत नव्हता. तिसरा घ्यायचा तर एका कॅरिअरमागे बरेच जास्त पैसे जात होते. ‘‘मुलाच्या सायकलीला स्वस्तातलं बसतंय, मग मुलीला दुसरी सायकल घ्या ना,’’ असा सल्ला मिळाला. घरात दादी म्हणाल्या, ‘‘चांगली चालणारी सायकल टाकून नवी घेणं हा इस्राफ आहे. सायकल आहे तीच राहू द्या, कॅरिअर तिच्या मापाचं घ्या.’’ दादींच्या शब्दावर तिसऱ्या प्रकारची दोन कॅरिअर आली. मडगार्ड आणि पुढची टोपली घरीच पान्याने काढून ठेवली. टोपली अशीही काढायचीच होती. ती वारा धरते आणि सैल असेल तर उडते.

निघण्याआधी तीन कामे केली, ती सगळ्यांनी करावीत. सायकली चढवून जमिनीपासून वरच्या टोकापर्यंत टेपने मोजले: 8 फूट 8 इंच, म्हणजे 2 मीटर 64 सेंटिमीटर. हा आकडा जाड अक्षरांत लिहून डॅशबोर्डवर चिकटवला. मॉलच्या तळघरातल्या पार्किंगच्या तोंडाशी आडवा दांडा असतो, तो याहून बराच खाली असतो. आणि गाडी चालवणाऱ्याला डोक्यावरचे ओझे दिसत नसल्याने ते विसरायला होते. दुसरे, सायकलीच्या पंपापासून बाटलीपर्यंत सुटे सगळे काढून घेतले. तिसरे, आडवे बार हाताने धरून जोरात हलवले. गाडी हलली पाहिजे, बार हलता कामा नये. उंट बांधून मग तवक्कल करायचे, ही शिकवण अशा वेळी फार कामाची. बांधून झाले, सफरची दुआ झाली, आणि डिसेंबरच्या अखेरीस एका जुम्याच्या पहाटे फजरनंतर निघालो.

पौडच्या पुढे थांबून सगळे पट्टे पुन्हा आवळले. पहिल्या वीस-तीस किलोमीटरमध्ये ते थोडे सैल होतातच. मुळशीच्या धरणाकाठी आडवा वारा लागला, तेव्हा छतावरून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. आवाजाला घाबरायचे नसते, वेग कमी करायचा असतो. ताम्हिणी घाटात तर वेगाचा प्रश्नच नव्हता. छतावर वजन असले की गाडी वळणावर एरवीपेक्षा जास्त कलते, आणि ते पोटात जाणवते. निजामपूरमार्गे माणगावला मुंबई-गोवा महामार्ग गाठला आणि जुम्याला म्हसळ्यात पोचलो.

मशिदीजवळच्या गल्लीत गाडी घालण्यापूर्वी धाकटा पुढे चालत गेला. कोकणातल्या गावांत हे करावेच. आंब्याच्या फांद्या, सुपारीच्या झावळ्या, घरांवरून गेलेल्या तारा, सगळे आठ-नऊ फुटांवर. एका वळणावर त्याने दोन्ही हात वर करून थांबवले. तार खाली आली होती. गाडी तिथेच सोडून पायी गेलो.

श्रीवर्धनला दोन दिवस राहिलो. भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचे हे गाव, आणि रोठा सुपारीसाठी बाजारात नाव असलेले. हा सारा मुलूख जंजिऱ्याच्या सिद्दींचा. सकाळी तांदळाची भाकरी, सांदणं आणि कोळंबीचे कालवण झाले, आणि सायकली खाली उतरल्या. दिवेआगरकडे जाणारा किनाऱ्याचा रस्ता वीसेक किलोमीटरचा आहे. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि वाहने तुरळक. मुले पुढे सायकलींवर, आम्ही मागे गाडीत, मधले दिवे चालू ठेवून. थोरलीचा पेहराव घरीच ठरला होता: गुडघ्यापर्यंतचा कुर्ता, पायाशी आवळलेली सलवार, पिनांनी बसवलेला स्कार्फ आणि वर हेल्मेट. साखळीत अडकेल असे काही लोंबते ठेवायचे नाही, हा एकच नियम.

आरावीनंतरच्या चढावर धाकटा उतरून सायकल ढकलू लागला. थोरली उतरली नाही. चढाच्या माथ्यावर तिने पाय टेकला आणि समुद्राकडे पाहत बराच वेळ उभी राहिली. आम्ही गाडी थांबवली, पण हॉर्न वाजवला नाही. वाटेत डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेल्या दोन बाया तिला विचारत होत्या, ‘‘खयसून इलंस गो?’’ तिने काय सांगितले ते आम्हाला ऐकू आले नाही. तिघी हसल्या एवढे दिसले.

एक गोष्ट पुण्यातून येणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई. आपल्या हनफी हिशेबापेक्षा असरची अजान इथे बरीच लवकर होते. परतीची वेळ त्या अजानवर ठेवली तर उजेड हाताशी राहतो आणि अंधारात सायकली चढवण्याची पाळी येत नाही. जमातीत आमीन मोठ्याने ऐकून धाकट्याने भुवया उंचावल्या. बाहेर आल्यावर चार इमामांची गोष्ट त्याला समुद्राकाठी बसून सांगितली. वर्गात चार तास घेऊन जे पोचले नसते ते तिथे पोचले.

तिसऱ्या दिवशी दिघीहून फेरीबोटीने गाडीसकट राजपुरीची खाडी ओलांडून आगरदांड्याला उतरलो. बोटीच्या उतारावर गाडी पुढे झुकते, म्हणून चढण्याआधी पट्टे पुन्हा तपासले. राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा गाठला. नावच अरबी ‘जझीरा’वरून आलेले; अर्थ बेट. आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींचे हे संस्थान 1948 साली भारतात विलीन झाले, पण तोपर्यंत हा किल्ला कोणाला जिंकता आला नव्हता. कलालबांगडी तोफ, खाऱ्या समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याचे तलाव. गुलाम म्हणून आणले गेलेल्या माणसांच्या वंशजांनी राज्य केले, हे ऐकून मुले तोफेपेक्षा जास्त वेळ त्याच गोष्टीवर बोलत राहिली.

घरी आल्यावर पहिले काम म्हणजे गोड्या पाण्याने बार, बोल्ट आणि साखळ्या धुणे. खाऱ्या हवेने गंज लवकर धरतो. मग सगळे उतरवून ठेवले. रिकामे बार छतावर ठेवले तरी वारा धरतात आणि पेट्रोल जास्त जाते. कोणाला कॅरिअर न्यायचे असेल तर आमचे घेऊन जावे. पण आधी आपल्या गाडीची पुस्तिका उघडून छताचा आकडा पाहावा, पकडी बसतात का ते पाहावे, आणि विमा कंपनीला एकदा विचारून घ्यावे. उन्हाळी सुटीपूर्वी परत करावे, एवढीच अट. थोरलीने नकाशावर हरिहरेश्वर, बागमांडल्याची फेरीबोट, बाणकोट आणि केळशी अशी रेघ ओढून ठेवली आहे. मधल्या काळात जिन्याखालची जागा रिकामी आहे. सायकल आता दाराशी असते आणि रविवारी फजरनंतर, रस्ते जागे होण्याआधी, बाहेर पडते.