चार हात वाट

गेल्या उन्हाळ्यात विहार करत दोन आर्यिका माताजी आमच्या भागात आल्या. कुडण्याला जुन्या जैन बस्तीचे अवशेष आहेत, ते पाहून त्या सुर्ल्याकडे निघाल्या होत्या. आम्ही पाच-सहा बायका सोबत. माताजी अनवाणी, नजर पुढच्या चार हात जमिनीवर. ईर्यासमिती ती हीच. आमच्या कुंपणापाशी समोरून टिप्पर आला. बाजूला व्हायला जागाच नव्हती. एका माताजींचा पाय खडीवर पडला आणि तळवा कापला. त्या काही बोलल्या नाहीत. मीच तावातावाने म्हणाले, "यांना साधा रस्ता धड करता येत नाही!"

घरी येऊन तक्रारीचा अर्ज लिहायला बसले. हे म्हणाले, "लिहितेस, पण रस्ता कुणाचा ते ठाऊक आहे का?" इतकी वर्षं राहून मला ठाऊक नव्हतं!

मग चौकशी केली. १९२७ साली बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली रस्त्यांसाठी समिती नेमली गेली. पेट्रोलवरच्या कराचा पैसा रस्त्यांवर खर्च व्हावा, असं तिने सुचवलं. १९४३ साली नागपूरला मुख्य अभियंते जमले आणि त्यांनी प्रतवारी ठरवली: राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक म्हणजे आजचे राज्य महामार्ग, जिल्हा मार्ग आणि ग्रामरस्ते. गोव्यात मोठ्या डांबरी रस्त्यांचं काम सार्वजनिक बांधकाम खातं पाहतं. वाड्यातल्या लहान वाटा, मोऱ्या पंचायतीकडे. रस्ता कोणत्या प्रतीचा, त्यावर त्याची रुंदी आणि दुरुस्ती कोणी करायची ते ठरतं. आणि मुख्य म्हणजे, डांबर संपलं तिथे रस्ता संपत नाही. बाजूपट्टी आणि गटार हीसुद्धा रस्त्याचीच जागा.

हे वाचलं आणि मी गप्प झाले.

आमच्या भागातलं खनिज ट्रकांनी मांडवीकाठच्या धक्क्यांवर जायचं. तेव्हा दाराबाहेर पाऊल टाकायची भीती वाटे. २०१२ मध्ये खाणी थांबल्या. पुढे काही सुरू झाल्या, तर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजचं नूतनीकरण रद्द केलं. रस्ता शांत झाला. त्याच शांततेत आम्ही कुंपण पुढे सरकवलं होतं. "मोकळीच तर जागा आहे," असं तेव्हा मीच म्हणाले होते.

जागेचा नकाशा काढून टेप लावली. कुंपण दोन हात बाहेर होतं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, सगळ्यांनीच घेतलंय. आपण एकट्यांनी मागे घेऊन काय होणार?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण अचौर्य अणुव्रत आपण घेतो, त्यात अदत्तादान म्हणजे न दिलेलं घेणं. शेजाऱ्याच्या झाडाचं फूलही न विचारता तोडू नये, हे मुलांना मीच शिकवलं. आणि इथे तर माताजींना पाय ठेवायची जागा आमच्या कुंपणाच्या आत होती.

गवंडी बोलावला. गेट मागे घेतलं. दारातली जास्वंद मुळांसकट काढून आत लावली. ती जगेल की नाही, अजून सांगता येत नाही. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत.

त्यानंतर अर्ज लिहिला. रस्त्याची प्रत, नेमकी जागा, उखडलेली खडी, सगळं घालून, ज्यांचा रस्ता त्यांनाच. उत्तर यायचंय. मैत्रिणींनो, तुम्हीही अर्ज जरूर करा. फक्त त्याआधी एकदा टेप घेऊन आपल्याच कुंपणाशी उभ्या राहा.