झाम्बेल्लोची गाय

तेओफिलो फोलेंगोच्या ‘बाल्दुस’बद्दल माझं एक ठाम मत होतं आणि ते मी संधी मिळेल तिथे ऐकवायचो: हे काव्य म्हणजे बोलीभाषेने लॅटिनविरुद्ध पुकारलेलं बंड. तसं वाटायला जागाही होती. 1491 साली मांतुआत जन्मलेला हा बेनेडिक्टाइन भिक्षू ‘मेर्लिन कोकाई’ असं टोपणनाव घेतो, व्हर्जिलच्या वृत्तात गावगुंडांची कथा रचतो आणि आरंभी आवाहन करतो ते चीजच्या डोंगरावर राहणाऱ्या लठ्ठ काव्यदेवींना. व्हर्जिलही मांतुआच्याच परिसरातला, हे विशेष. चर्चची आणि विद्यापीठाची भाषा, आणि तिच्यात घुसलेले गोठ्यातले, चुलीजवळचे शब्द! एकनाथांनी प्राकृताची बाजू घेतलेली ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला यात आपलाच भाऊबंद दिसला तर नवल नाही.

हे मत पहिल्यांदा डळमळलं ते व्याकरणामुळे. फोलेंगोची लॅटिन मोडकी नाही. न्योक्कीसारखा खाण्याचा शब्द आला, की त्याला द्वितीयेचा प्रत्यय बिनचूक लागतो, बोलीतलं क्रियापद लॅटिन गणात चालतं आणि वर सहा गणांच्या हेक्झामीटरचा लघुगुरूचा हिशेब असतोच. उद्या कुणी ‘झुणकः झुणकौ झुणकाः’ असं चालवून निर्दोष अनुष्टुभात सर्ग लिहिला, तर त्याला खळखळून हसेल तो रामाची रूपं पाठ केलेला माणूस. झुणका रोज खाणाऱ्याला त्यातलं फारसं काही कळणार नाही. फोलेंगोचंही तेच. त्याच्या आधी पंधराव्या शतकाच्या अखेरीस पादुआत तीफी ओदासीने या प्रकाराला वळण दिलं, ते विद्यापीठाच्या गावात. हा प्रकार तिथलाच: शिकलेल्यांनी शिकलेल्यांसाठी केलेला.

बंडखोराला घाई असते, अशी माझी समजूत. फोलेंगो मात्र जन्मभर या एकाच काव्याला घासूनपुसून घेत राहिला. पहिली आवृत्ती 1517ची, सतरा सर्गांची. 1521 साली गार्डा सरोवराकाठच्या तोस्कोलानोत दुसरी निघाली, तेव्हा पंचवीस सर्ग झाले होते. 1540च्या सुमारास तिसरी आणि त्याच्या मृत्यूनंतर 1552 साली चौथी. दर खेपेला वृत्त अधिक नेटकं, वळण अधिक व्हर्जिलसारखं. मधल्या काळात 1525 साली इटालियन विद्वान बेम्बोने पेत्रार्क आणि बोकाच्चोची तोस्कानी हीच लिहिण्याची इटालियन, असा निवाडा दिला. फोलेंगोची खोड खरं तर या शुद्धतेच्या कल्पनेला जास्त झोंबते. लॅटिनशी त्याचं भांडण नव्हतंच. तिच्यावाचून त्याचा एक चरणही उभा राहिला नसता.

उरलंसुरलं मत गेलं ते झाम्बेल्लोमुळे. बाल्दुस चिपादा गावात ज्या शेतकऱ्याच्या घरी वाढतो, त्याचा हा मुलगा. नायक त्याला बडवतो, नायकाचा मित्र चिंगार त्याला पुनःपुन्हा गंडवतो, त्याची गाय लुबाडली जाते आणि शेवटी भिक्षूंच्या पोटात जाते. भिक्षूंच्या खादाडपणावरचा टोला झणझणीत आहे, कबूल. पण गाय गेली ती झाम्बेल्लोची, आणि कवी त्यालाच हसतो. ज्याच्या तोंडचे शब्द उचलून हे काव्य शिजलं, त्याला त्यात जागा मिळाली ती बावळटाची. याला लोकांचा आवाज म्हणणं मला आता जमत नाही.

म्हणून काव्य मनातून उतरलं का? उलट, आता ते जास्त आवडतं. बंड शोधत होतो तेव्हा कारागिरीकडे लक्षच नव्हतं. चिंगार एक मेंढी समुद्रात फेकतो आणि तिच्यामागे सगळा कळप उड्या टाकतो. फ्रेंच लेखक राब्लेने हाच प्रसंग उचलून आपल्या पानुर्ज या पात्राला दिला, तो उगाच नाही. शेवट तर अफाट. नरकात एक प्रचंड भोपळा, त्यात कवी आणि ज्योतिषी, आणि जितक्या थापा मारल्या तितके दात उपटणारे न्हावी. कवी म्हणतो, हेच माझं घर, आणि नायकाला वाऱ्यावर सोडून तिथेच मुक्काम टाकतो. शेतकऱ्याला हसणाऱ्याने स्वतःलाही सोडलेलं नाही. त्याने हिशेब पूर्ण फिटत नाही, पण थोडा कमी होतो.

अॅन मुलेनीचा इंग्रजी अनुवाद मूळ लॅटिनसह दोन खंडांत उपलब्ध आहे. वाचा, पण झाम्बेल्लोवर हसू येईल तिथे थोडं थांबून वाचा.