मोडलेल्या पलटणींचा मुलूख

पेन्शनीत निघालेले एक हवालदार बँकेत हयातीचा दाखला देण्यासाठी निघाले होते. मंचरच्या एस.टी. थांब्यावर ते सहज बोलून गेले, "आमची पलटण अजून उभी हाय म्हणून आमाला कुणीतरी वळखतं, ज्यांची पलटणच मोडली त्यांनी दाखला कुठं द्यायचा?" त्यांच्या मनात कोणती पलटण होती कोण जाणे, मला मात्र १८५७ साली उभारलेल्या आणि पुढे चारच वर्षांत मोडलेल्या सह्याद्रीतल्या कोळ्यांच्या पलटणीची आठवण झाली, आणि भीमाशंकरचे तिकीट काढावयास गेलेला मी घोडेगावचे काढून बसलो.

घोड नदी, हरिश्चंद्राचे महादेवमंदिर, मंगल परिसर असे लिहून मार्गदर्शक पुस्तके पुढे सरकतात, तसा मीही सरकतो. शिवनेरीचे वर्णन तर इतक्या लेखण्यांनी केले आहे की, त्यात माझी भर अनावश्यक. मुक्कामाच्या खोलीला खिडकी एकच आणि तीही पिठाच्या गिरणीसमोर उघडणारी. ज्या गृहस्थाने गाव दाखविण्याचे पत्करले, त्याला 'जुनी कचेरी' म्हणताच त्याने मला सध्याच्या तहसील कचेरीसमोर नेऊन उभे केले आणि तिचे बांधकाम किती पक्के आहे ते भिंतीवर थाप मारून दाखविले.

मला हवी होती ती १८३९ ची महालकऱ्याची कचेरी. त्या वर्षाच्या आरंभी भाऊ खरे, चिमणाजी जाधव आणि नाना दरबारे यांच्या पुढारपणाखाली तीन-चारशे माणसे डोंगरातून उतरली आणि पेशवे बाजीरावसाहेब ब्रह्मावर्तास कंपनीचे पेन्शन खात बसलेले असता त्यांच्याच नावाने कारभार हाती घेतल्याचे जाहीर करती झाली. घोडेगावावर चाल होणार ही वार्ता लागताच जुन्नरचे मामलेदार शिपाई-प्यादे आणि गावकरी घेऊन धावले. ते पोचल्यावर तासाभरातच दीडशे कोळ्यांनी कचेरीस वेढा घातला, रात्रभर पुनःपुन्हा आग लावण्याचा यत्न केला, पण आतल्या प्याद्यांनी खजिना राखला. पुढे चोपन्न जणांवर खटले चालले, आणि फासावर गेलेल्यांत रामचंद्र गणेश गोरे या ब्राह्मणाबरोबर एक कोळीही होता. त्या कोळ्याचे नाव नोंदविण्याची तसदी इतिहासकाराने घेतलेली नाही.

ही माणसे आली कोठून? पेशवाईत डोंगरी किल्ल्यांच्या शिबंदीत यांच्या पिढ्या खपल्या होत्या. १८१८ नंतर कंपनीने किल्ले पाडले, शिबंदी बरतर्फ केली, आणि शस्त्राखेरीज दुसरा धंदा न शिकलेली माणसे एका हुकुमासरशी बेरोजगार झाली. याबाबतीत पुण्याचा जुना दरबार अधिक शहाणा म्हणावा लागेल. बंडखोर जावजी बांबळे याला तुकोजी होळकरांच्या रदबदलीने माफी देऊन त्याच दरबाराने त्याच्याकडे साठ गावांचा बंदोबस्त सोपविला होता.

इंग्रजाला ही अक्कल १८५७ साली सुचली. कॅप्टन नटाल याने कोळ्यांची सहाशेंची पलटण उभारली. युरोपीय कवायत शिकविण्यास वेळ नव्हता म्हणून मोजक्याच हालचाली शिकविल्या, आणि घरच्या तलवारी घेऊन आलेली ही माणसे रानावनातून हसत-खिदळत, कोणत्याही लवाजम्यावाचून, झपाट्याने मजला मारू लागली. मार्च १८६१ मध्ये काम सरले आणि पलटण मोडली. थोडे पोलिसांत गेले, बाकीचे पूर्ववत शेतीकडे वळले, असे नोंदवून गॅझेटियरचा संपादक कॅम्बेल प्रकरण हातावेगळे झाल्याचे समाधान मानतो.

येथेच माझा त्याच्याशी तंटा आहे. 'शेतीकडे वळले' म्हणजे कोणत्या शेतीकडे? उतारावरच्या नाचणी-वरईच्या तुकड्यांकडे, जे तोवर सावकाराकडे गहाण पडत चालले होते! आणि त्याच कॅम्बेलच्या ग्रंथात थोडी पाने उलटली की, १८७३ साली याच आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम डोंगरातल्या जांभोरीचा होन्या भागोजी केंगले एक उत्तम तयार केलेली टोळी घेऊन सावकारांवर तुटून पडतो, कर्जरोखे हिसकावतो, न देणाऱ्यांची नाके कापतो, आणि १८७६ च्या जुलैत मेजर डॅनियलच्या हाती लागेपर्यंत साऱ्या पोलीसखात्यास नाचवितो. १८७३ साली पलटण मोडून अवघी बारा वर्षे झाली होती. पंचविशीतला शिपाई सदतिशीत आलेला. टोळी 'तयार' होती हे कॅम्बेल मान्य करतो, पण तिला तयार करणारे हात कोणाचे असावेत हा प्रश्न त्याला पडत नाही. नटालच्या शिपायांपैकी काही त्यांत असावेत असे मला वाटते. कागदोपत्री पुरावा मागाल तर हात जोडतो.

उलटपक्षी, संगमनेराजवळच्या निमजचे नामदेव जाधव पाहा. एप्रिल १९४५ मध्ये इटलीत सेनिओ नदीकाठी त्यांनी दोन जखमी साथीदारांना सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप आणले, शत्रूची मशीनगनची ठाणी एकट्याने मोडली आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. त्यांची मराठा पलटण आजही उभी असल्यामुळे त्यांचे नाव तिच्या अभिमानात जिवंत आहे. शौर्यात डावे-उजवे करण्याचा माझा अधिकार नाही; दप्तर सांभाळणारे कोणी मागे असणे ही गोष्ट मात्र शौर्याहून वेगळी आहे.

एव्हाना भीमाशंकरची गाडी केव्हाच गेली होती. ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाचे पुण्य पुढल्या खेपेवर टाकून मी जांभोरीच्या गाडीची चौकशी केली, तेव्हा कंट्रोलरने मला आपादमस्तक न्याहाळून विचारले, "तिकडं काय काम काढलंत? जमीन बघायला आलाय व्हय?"