दोन जून असतं तर

मे महिना उतरणीला लागला की आमच्या कराड-पाटण भागातल्या मंगल कार्यालयांत लग्नांच्या मधल्या मोकळ्या तारखा शिक्षक मंडळी धरून ठेवतात. फाटकावर फ्लेक्स चढतो. त्यावर फेटा बांधलेले गुरुजी, शेजारी पैठणीतल्या वहिनी, ‘सेवापूर्ती गौरव समारंभ’ अशी सोनेरी अक्षरं आणि खाली शुभेच्छुकांची मोबाइलवर बोलत असलेली पलटण. आत सगळी मांडणी लग्नाचीच असते. आदल्या मुहूर्ताची तोरणं अजून सुकायची असतात, वधूवरांचे लाल मखमली सोफेही तिथंच. त्यांवर गुरुजी आणि वहिनी जरा अवघडून बसतात. लोक रांगेनं येतात, शाल घालतात, नारळ हातात देतात, फोटोसाठी थांबतात आणि जेवणाकडे वळतात. मसालेभात, जिलेबी, मठ्ठा.

शाळा मात्र तिथं कुठंच नसते. ज्यांच्यासमोर गुरुजींनी तीस-पस्तीस वर्षं काढली ती पोरं मामाच्या गावाला गेलेली असतात. शाळेला कुलूप, आवारात वाळलेला पाला, आणि फळ्यावर शेवटच्या परिपाठाचा सुविचार तसाच. पोलीस ठाण्यातून निवृत्त होतो, बँकवाला काउंटरवरून उठतो, कंडक्टर शेवटची फेरी करून तिकिटाचं मशीन जमा करतो. शिक्षक तेवढा सुट्टीत निवृत्त होतो. तो वर्गाबाहेर शेवटचा केव्हा पडला ते त्यालाही नीट सांगता येत नाही, कारण त्या दिवशी निकालपत्रकं वाटायची घाई होती.

असं का होतं, तर एका तारखेमुळे. ती तारीख गुरुजींच्याच जमातीनं लिहून ठेवलेली आहे.

शिक्षक ज्या महिन्यात अठ्ठावन्न वर्षं पुरी करतो त्या महिन्याच्या अखेरीला निवृत्त होतो, असा नियम. जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा असेल तर मात्र आधीच्या महिन्याची अखेर धरतात. आणि महाराष्ट्रात एका पिढीतल्या निम्म्या खेड्यांचा वाढदिवस १ जूनला येतो. जन्माची नोंद कोणी केलेली नसे. बाप पोराला शाळेत आणून उभं करी, गुरुजी म्हणत, डोक्यावरून हात घाल आणि पलीकडचा कान धर. कान हाताला लागला की वय बसलं. मग आईला विचारायचं, कधीचा गं हा? पानशेत फुटलं त्या साली, दुष्काळाच्या आदल्या वर्षी, अशी उत्तरं येत. आमच्याकडे तर सगळा हिशेब कोयनेच्या भूकंपापासून. ११ डिसेंबर १९६७ ची ती पहाट. त्या वेळी पोर पोटात होतं, कडेवर होतं की रांगत होतं, एवढ्यावरून वर्ष ठरायचं. महिना आणि तारीख ठरवायचं काम गुरुजींकडे. शाळा जूनमध्ये सुरू होते, म्हणून १ जून. बोरू, टाक की फाउंटन पेन, जे हाताशी असेल त्यानं एका ओळीत त्यांनी त्या पोराचा जन्मही लिहिला आणि अठ्ठावन्न वर्षं पुढची निवृत्तीही. ज्याचा जन्म भूकंपाच्या पुढच्या वर्षी असा १ जूनला लिहिला गेला, तो ३१ मे २०२६ ला सेवानिवृत्त.

मला नेहमी वाटतं, त्या गुरुजींनी एक दिवस पुढं जाऊन २ जून लिहिला असता तर? काहीच बिघडलं नसतं. तोही खोटाच दिवस. पण मग निवृत्ती ३० जूनला आली असती. मधे, जूनच्या मध्याला, शाळा उघडली असती. (विदर्भात ऊन जास्त म्हणून आणखी उशिरा, तरी सहसा जूनच्या आत.) पहिलीतल्या नव्या पोरांना फूल देऊन आत घेण्याचा तो रडारडीचा दिवस गुरुजींना आणखी एकदा मिळाला असता. पुस्तकांचे गठ्ठे सोडताना कोऱ्या कागदाचा वास आला असता, हजेरीपटावर नवी नावं लिहिली गेली असती आणि मग पाऊस धरलेल्या एखाद्या दुपारी वर्ग समोर असताना निरोप झाला असता. वर एक व्यवहाराचीही गोष्ट. वेतनवाढ १ जुलैची. सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०२३ च्या निकालानंतर ३० जूनला निवृत्त होणाऱ्यांना ती पेन्शनपुरती धरली जाऊ लागली. ३१ मेवाल्यांना काही नाही. शिक्षकांच्या कट्ट्यावर हा हिशेब सगळ्यांना तोंडपाठ असतो. जुन्या गुरुजींना कोणी शिव्या देत नाही. त्यांनी शाळेत घेतलं नसतं तर हा हिशेब करायची वेळच आली नसती.

समारंभात यातलं काही निघत नाही. तिथं मानपत्र वाचतात. मी इतकी मानपत्रं ऐकली आहेत की डोळे मिटून पुढचा शब्द सांगेन: विद्यार्थिप्रिय, मनमिळाऊ, शिस्तप्रिय, हाडाचे शिक्षक, अजातशत्रू. नाव बदललं की तेच पुढच्या रविवारी चालतं. सूत्रसंचालक प्रत्येक वक्त्याआधी एक चारोळी टाकतो. केंद्रप्रमुख बोलतात, सरपंच बोलतात, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष चिठ्ठीवरून वाचतात. आणि ज्यात गुरुजींचं आयुष्य खरोखर गेलं त्याचं नाव कोणी घेत नाही. १९९० च्या सुमाराला नोकरीला लागलेल्या शिक्षकानं १९९१, २००१, २०११ अशा तीन जनगणना केल्या; चौथी लांबली म्हणून वाचला. मतदारयाद्या केल्या, निवडणुकीची पेटी आणि नंतर यंत्र उशाशी घेऊन परगावच्या शाळेत रात्र काढली. खिचडीच्या तांदळाचा किलो-ग्रॅमपर्यंत हिशेब ठेवला. उतारवयात ‘सरल’ आणि ‘यू-डायस’ची ऑनलाइन माहिती भरताना नेटवर्कसाठी शाळेच्या गच्चीवर उभा राहिला. मानपत्रात या सगळ्याला ‘विविध राष्ट्रीय कार्यांत मोलाचे योगदान’ म्हणतात आणि पुढं जातात.

कधी तरी मात्र एखादं भाषण रुळावरून घसरतं आणि मी सावरून बसतो. मागच्या एका समारंभात धान्याच्या अडतीवर काम करणारा माजी विद्यार्थी यादीत नसताना उठला. माइक हातात घेऊन म्हणाला, “गुर्जींनी मला अडीचकी पाठ करायला लावली. पुस्तकात नव्हती. लई मार खाल्ला. पर आजबी पोत्यांचा हिशेब करताना मी मोबाइल काढत न्हाई.” एवढं बोलून खाली बसला. गुरुजी इतका वेळ हारांच्या ओझ्याखाली मान वाकवून होते. त्यांनी मान वर केली आणि सोफ्यावरूनच विचारलं, “साडेचौदा अडीचं?” मांडवात क्षणभर कोणाला कळेना. तो उठला आणि म्हणाला, “सव्वाछत्तीस.” त्या दिवशी वाटलेल्या सगळ्या शाली एका बाजूला ठेवल्या तरी हे पारडं खाली जाईल.

बाईंच्या निरोपाचं गणित वेगळं. ‘घर सांभाळून नोकरी केली’ हे वाक्य त्यांच्या समारंभात हमखास येतं. गुरुजींच्या समारंभात ते कोणी म्हणाल्याचं मला आठवत नाही. त्यांनी घर सांभाळलं नाही, हे जणू सगळ्यांना मान्यच असतं. बाई तालुक्याच्या गावाहून पहाटेच्या एसटीनं जायच्या, फाट्यावर उतरून घाट चढायच्या, संध्याकाळी परतीच्या गाडीत स्वेटर विणायच्या. एका बाईंच्या सत्काराला त्या मार्गावरचा निवृत्त कंडक्टर आला होता. त्याच्याकडे शाल नव्हती. म्हणाला, बाईंसाठी मी फाट्यावर गाडी कितीदा थांबवून धरली याचा हिशेब महामंडळाला अजून दिलेला नाही. बाईंचे यजमान या सगळ्या वेळात सोफ्यावर हात कुठं ठेवावेत या विवंचनेत. त्यांना मधे बसायची सवय नव्हती.

आभाराच्या आधी कोणीतरी म्हणतंच, “आता पेन्शन घ्या आणि सुखात राहा.” टाळ्या पडतात. तेव्हा मागच्या रांगांकडे बघावं. नोव्हेंबर २००५ नंतर लागलेली मंडळी तिथं बसलेली असतात. शिक्षण सेवक म्हणून तुटपुंज्या मानधनावर तीन वर्षं काढलेले, मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी रस्त्यावर उतरलेले. त्यांच्या टाळ्या अर्ध्यावर थांबतात.

मामांचा निरोप मंगल कार्यालयात होत नाही. मामा म्हणजे माध्यमिक शाळेचे शिपाई. चतुर्थश्रेणीला निवृत्ती साठाव्या वर्षी, त्यामुळे एकाच वर्गात शिकलेले, एकाच १ जूनचे दोघं असतील तर मुख्याध्यापक आधी जातात आणि मामा आणखी दोन वर्षं घंटा देतात. आमच्या गावच्या शाळेत तसंच झालं. घंटा म्हणजे व्हरांड्याच्या तुळईला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. आमच्या गावाला रेल्वे नाही. तो तुकडा कुठून आला हे मामांनाच ठाऊक. मे महिन्यात शिक्षक सुट्टीवर असले तरी कार्यालय उघडं असतं, मामा कामावर असतात. म्हणून ३१ मेला खरोखर शाळेतून निवृत्त होणारा माणूस हाच. लिपिक भाऊसाहेब, नवे मुख्याध्यापक, गावातले दोन शिक्षक आणि आम्ही चार-पाच माजी विद्यार्थी, एवढ्यांत समारंभ आटोपला. पेढे, भेळ, चहा. चहा करायला मामाच उठले; त्यांना बळंच खाली बसवलं. पोषण आहाराची खिचडी शिजवणाऱ्या मावशी दाराशी उभ्या होत्या. त्यांचं मानधन, त्यांना निवृत्तीची तारीख नाही, त्यामुळे निरोपही नाही. एखाद्या जूनमध्ये त्यांच्या जागी दुसरी बाई चूल पेटवते, इतकंच. मामांच्या आग्रहावरून त्यांना खुर्ची मिळाली.

मामांच्या जागी कोण, हा प्रश्न कोणी विचारला नाही, कारण उत्तर माहीत होतं. डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयानुसार खाजगी अनुदानित शाळांतली शिपायांची पदं माणूस निवृत्त झाला की संपतात. शाळेला ठरावीक शिपाई भत्ता मिळतो, त्यात जमेल तसं भागवायचं. गुरुजींच्या जागी दुसरे गुरुजी येतील, आज ना उद्या. मामांच्या मागं कागदावर कोणी नाही. सेवापुस्तकात शेवटची नोंद झाली, ना-देय दाखल्यावर सही झाली, आणि मग भाऊसाहेबांना आठवलं: किल्ल्या.

मामांनी कमरेचा जुडगा काढून टेबलावर ठेवला. कुठल्याच किल्लीला चिठ्ठी नव्हती. ही प्रयोगशाळेची, ही ग्रंथालयाच्या डाव्या कपाटाची, ही वरच्या वर्गाची पण दार वर उचलून फिरवायची, असं मामा सांगत गेले आणि भाऊसाहेब दोऱ्यात कागदाचे तुकडे ओवून बांधत गेले. शेवटी दोन-तीन किल्ल्या अशा उरल्या, की त्या कुठल्या कुलपाच्या हे मामांनाही सांगता येईना. भाऊसाहेब म्हणाले, मग डेडस्टॉकमधून कमी करून टाकतो.

“टाकू नका,” मामा म्हणाले. “ऱ्हाऊ द्या जुडग्यात. कुलूप घावंल कवातरी.”