एका मशीनची दोन नावं

मे महिन्यात आमच्या शाळेतल्या सर्व्हरची हार्डडिस्क दुसऱ्यांदा गेली. संगणक कक्षावर पत्रे आहेत, समोर महामार्गाची धूळ. सडक अर्जुनीच्या उन्हात माणसाचा जीव कासावीस होतो, तिथे डिस्क किती टिकणार! पण यावेळी तिच्यासोबत सातवीच्या मुलांचं काम गेलं. घरी दादी-नानीला विचारून त्यांनी धानाच्या शेतीतले शब्द जमवले होते: बांधी, पऱ्हे, रोवणी. एका रकान्यात उर्दू, दुसऱ्यात प्रमाण मराठी, तिसऱ्यात घरची बोली. त्यातली एक नानी रमजानमध्येच अल्लाहला प्यारी झाली. तिला आता पुन्हा कुठे विचारायचं? आणि बॅकअप? मुलांना जे रोज सांगतो, तेच मी केलं नव्हतं.

मग ठरवलं, या खोलीत डिस्क ठेवायचीच नाही. ऑफिसात कूलर आहे, इन्व्हर्टर आहे. तिथल्या जुन्या संगणकात दोन डिस्क लावायच्या, एकीवर जे लिहिलं जाईल तेच दुसरीवर. कक्षातला सर्व्हर तिथूनच, केबलवरून सुरू करायचा.

नागपूरला इंजिनिअरिंग करणारा भाचा फोनवर म्हणाला, "मामू, इसको आयस्कझी बोलते." डिस्कला द्यायच्या आज्ञा नेटवर्कच्या पाकिटात घालून दूर पाठवायची ही पद्धत, २००४ साली तिचं मानक प्रसिद्ध झालं. मशीन सुरू होतं तेव्हा त्याच्याजवळ काहीच नसतं. नेटवर्क कार्ड आधी हाक मारतं, मला पत्ता द्या. डीएचसीपी पत्ता देतं आणि एक छोटी फाइल कुठे मिळेल तेही सांगतं. ती फाइल, म्हणजे आयपीएक्सई, ऑफिसातल्या डिस्कशी नातं जोडते, आणि मशीनला वाटतं डिस्क आपल्याच पोटात आहे. मग त्यावर डेबियन टाकायचं, नेहमीसारखं.

पहिल्या दिवशी मी डेबियन टाकता टाकता मध्येच नेटवर्कचा पत्ता बदलला. डिस्क ज्या केबलवरून येते तीच तोडली! बसलेल्या फांदीवर कुऱ्हाड. दुसऱ्या दिवशी काम नीट पार पडलं. रीस्टार्ट केलं, पडद्यावर अक्षरं धावली आणि थांबली. डिस्क सापडत नाही. अरे, आत्ता तर सापडली होती! कर्नल तिच्यावरूनच तर वाचलं गेलं होतं. तीन संध्याकाळी मी केबल बदलत, स्विच बदलत बसलो. मगरीबला मशिदीत जायचं, परत येऊन तोच काळा पडदा.

भाचा म्हणाला, "मामू, केबल छोडो, लॉग देखो. ऑफिसवाली मशीन का."

लॉगमध्ये एकच तक्रार पुन्हा पुन्हा होती: या नावाला परवानगी नाही. आयस्कझीत डिस्क मागणाऱ्या प्रत्येक मशीनला एक लांबलचक नाव असतं, त्यात वर्ष आणि महिनाही असतो. मी यादीत टाकलं होतं आयपीएक्सईचं नाव, त्यात २०१०चा एप्रिल. त्या नावाने दार उघडायचं, कर्नल आत यायचं. मग ते जागं होऊन डिस्क नव्याने मागायचं, आणि यावेळी डेबियनने आपणहून ठेवलेलं नाव सांगायचं. त्यात १९९३चा ऑगस्ट, म्हणजे डेबियन प्रकल्प सुरू झाला तो महिना. मशीन तेच, केबल तीच, पण दारावरचा पहारेकरी अक्षर न् अक्षर जुळवून बघतो.

मी जोरात हसलो, मग हसू थांबलं. माझ्या टेबलावर त्याच आठवड्यात एका मुलाचा शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला होता. दाखल्यावर 'मो.', आधारवर 'मोहम्मद', वडिलांच्या जुन्या उर्दू दाखल्यात 'मुहम्मद'. जन्मतारखेतही चार महिन्यांचा फरक. आमच्यात असं घर क्वचितच असेल जिथे सगळ्यांची कागदं जुळतात. यात चूक मुलाची कुठली? कुणी उर्दूतून मराठीत आणताना कानाला आलं ते लिहिलं, कुणी रकान्यात जागा कमी म्हणून अर्ध्यावर तोडलं. खरं सांगायचं तर दाखल्यांवर असं 'मो.' मीही वर्षानुवर्षं लिहीत आलो. लहान वाटायचं ते.

सर्व्हरचं काम दहा मिनिटांत झालं. डेबियनच्या एका फाइलमध्ये नावाची एकच ओळ असते. ती बदलून यादीतलं नाव लिहिलं, बूटची फाइल पुन्हा तयार केली, रीस्टार्ट. मशीन उठलं. कक्षात डिस्कची घरघर नाही, फक्त पंख्याचा आवाज. आता स्विचही इन्व्हर्टरवर घेतलाय. लाइट गेली की आधी तोच बंद पडायचा.

मुलांनी शब्द पुन्हा जमवायला घेतलेत. वारलेल्या नानीचे काही तिच्या नातीला आठवतात, काही नाही. आणि त्या मुलाचे वडील मंगळवारी प्रतिज्ञापत्रासाठी तहसीलला गेले होते, आणखी एक कागद लागेल म्हणून परत आले. सोमवारी मी त्यांच्यासोबत जाणार आहे.