पेटीचं लाकूड

आमच्या भिंतीवरचं पहिलं चित्र छत्रीचं होतं. शेजारी दांडीचा पेला आणि वर तोंड केलेले दोन बाण. तळवड्याच्या भाड्याच्या खोलीत वडिलांनी ठोकलेल्या फळीवर ते कारखान्यातूनच छापून आलं होतं. वडील एका वर्कशॉपात फिटर. नवी मशीन आली की तिची पाइनवूडची पेटी फोडायची, सुपरवायझरला विचारून फळ्या सायकलच्या कॅरिअरला बांधायच्या आणि घरी आणायच्या. छत्री म्हणजे पाण्यापासून जपा, पेला म्हणजे माल नाजूक, बाण म्हणजे ही बाजू वर. अक्षरओळखीआधी मला हे वाचता यायचं.

फळीला रंग द्यायचं निघालं तेव्हा आईने साफ नाही म्हटलं. तिला ती छत्री आवडायची. फळीवर पितळी डबे, कडेला वर्तमानपत्राची कातरलेली झालर, दाराला फुटक्या बांगड्यांचं तोरण. पुढे चंडीगडचं रॉक गार्डन पाहिलं. बांधकाम खात्यात रस्त्यांवर देखरेख करणाऱ्या नेकचंद यांनी ते वर्षानुवर्षं गुपचूप उभारलं आणि 1976 मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. तिथे बांगड्यांच्या तुकड्यांनी मढवलेल्या बाहुल्यांपुढे मी बराच वेळ उभी राहिले. हाताशी तुटकं आहे म्हणून डोळ्याने हार का मानावी, हे आईला कुणी शिकवलं नव्हतं.

लग्नानंतर रुपीनगरात खोली घेतली. पगार हप्त्यांत जायचा, म्हणून रविवारी आम्ही दोघं कुदळवाडीत. भंगाराच्या गोदामांच्या त्या रांगांत काय मिळत नसे? बेअरिंगच्या रिंगा, क्लच प्लेटा, केबलचे लाकडी ड्रम आणि पॅलेटच्या थप्प्या. पॅलेट कशी निवडायची ते एका गोदामवाल्या चाचांनी शिकवलं. ठोकळ्यावर डागलेला शिक्का बघायचा. गव्हाच्या ओंबीचं चित्र, देशाची दोन अक्षरं आणि खाली एचटी किंवा एमबी. एचटी म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांवर अर्धा तास तापवलेलं, कीड मारण्यासाठी. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं. ते घरात आणायचं नाही, लेकराच्या पाळण्याजवळ तर मुळीच नाही. तेलाचा किंवा केमिकलचा डाग असेल तर शिक्का बघायचीही गरज नाही, सोडून द्यायचं.

आमचा पलंग जर्मनीहून आलेल्या पॅलेटचा झाला. खिळे उपटून, चार दिवस उन्हात टाकून, पॉलिश पेपर मारला तेव्हा करड्या लाकडातून मधाच्या रंगाच्या रेषा वर आल्या. गाठीजवळ त्या वळसा घेतात. अजूनही तिथून बोट फिरवते. शिक्का आम्ही मुद्दाम दर्शनी बाजूला ठेवला. हल्ली दुकानांत असा जुनाट दिसणारा नवा माल महाग मिळतो. खिळ्यांची भोकं यंत्राने पाडलेली असतात. मला तो बघवत नाही. ज्या लाकडाने कधी ओझं वाहिलं नाही, त्याने वाहिल्यासारखं का दिसावं?

2025 च्या फेब्रुवारीत महापालिकेच्या कारवाईत कुदळवाडी-चिखलीतल्या हजारो शेड पाडल्या गेल्या. तिथे आगी लागायच्या, धुराने आजूबाजूच्यांचे हाल व्हायचे, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण रोज कष्ट करून खाणारी माणसंही तिथलीच, आणि आमच्या कितीतरी घरांची मांडणी त्याच गल्ल्यांतून आलेली. चाचा कुठे गेले ते विचारायलाही कुणी उरलं नाही. तशा पेट्याही कमी झाल्यात. चाकणकडच्या गाड्यांत आता प्लास्टिकचे निळे क्रेट आणि लोखंडी स्टँड असतात. रिकामे झाले की ते परत कंपनीत जातात, पुन्हा भरून येतात. लाकूड वाचतं, ते चांगलंच आहे.

लेक सॉफ्टवेअर पार्कात कामाला आहे. तिच्या फ्लॅटसाठी तिने एका वायरमनकडून केबलचा ड्रम मिळवलाय, टीपॉय करायला. त्यावरचे छापील आकडे ती घासून काढणार होती. मी म्हटलं, राहू दे. आमचा वाद अजून चालू आहे, आणि ड्रम तिच्या जिन्याखाली.