बत्तीस पानं

गेल्या शनिवारी माळा आवरताना एक खोकं सापडलं. वर माझ्याच अक्षरात लिहिलेलं, 'नाना - कविता - ६४ पानी'. आत ४१ प्रती. छापल्या होत्या ५०. ती गोष्ट लिहायचं बरेच दिवस टाळत होतो, आज लिहून टाकतो.

आमचे नाना पोस्टात होते. शेवटची अकरा वर्षं सातारा जिल्ह्यातल्या एका छोट्या गावात सब-पोस्टमास्तर. ते कविता करतात हे घरात सगळ्यांना माहीत होतं, म्हणजे एखाद्याला बीपी आहे हे जसं माहीत असतं तसं. विषय कुणी काढायचा नाही. मनीऑर्डरच्या रद्द फॉर्मांचे पाठकोरे कागद, त्यावर शिसपेन्सिलीने बारीक अक्षर, आणि त्या गठ्ठ्याला रबरबँड. बस्स.

२०१४ मध्ये रिटायर झाले आणि २०१७ च्या दिवाळीत त्यांनी पुस्तिका काढली. तालुक्याच्या प्रेसमध्ये, जिथे लग्नपत्रिका आणि सोसायटीचे वार्षिक अहवाल छापतात. ३२ पानं, २७ कविता, मध्ये दोन पिना, किंमत ३० रुपये, प्रती २००. ३२ च का? तर १६ पानांचा एक फर्मा, असे दोन फर्मे. पहिल्या चार पानांत नावगाव, अर्पणपत्रिका आणि अनुक्रमणिका, मग पानाला एक अशा २७ कविता, शेवटचं पान कोरं. हिशेब चोख. पोस्टातला माणूस!

पिना मारलेल्या पुस्तिकेला कणा नसतो. कपाटात उभी ठेवली की दोन जाड पुस्तकांच्या मध्ये गायब. मला तेव्हा त्याचंच वाईट वाटलं होतं.

जानेवारी २०१८ मध्ये पेपरात एक छोटी बातमी वाचली. एका संस्थेचा पहिल्या कवितासंग्रहासाठी पुरस्कार, प्रवेशिका मागवल्या आहेत. मी नानांना फोन केला, पाठवू का? म्हणाले, "पाठव की. पोस्टाचा तेवढाच धंदा." मी नियम मागवले. तीन प्रती, आयएसबीएन आवश्यक, आणि पृष्ठसंख्या किमान ६४.

म्हणजे व्हॅलिडेशन एरर!

आता हे नियम काही उगाच नसतात, हे मलाही कळतं. आमच्या कंपनीत एकदा हॅकेथॉनच्या परीक्षक मंडळात होतो. ८६ एन्ट्र्या. पहिल्या तासात आम्ही काय केलं? ज्यांचा फॉर्मॅट चुकला ते बाद. कोड उघडूनही बघितला नाही. चाळणी लागतेच, आणि सगळ्यात स्वस्त चाळणी आकड्यांची. पुस्तक कशाला म्हणायचं याची व्याख्याही आहे. युनेस्कोने १९६४ मध्ये ठरवलं की मुखपृष्ठ सोडून किमान ४९ पानं असतील तर पुस्तक, ५ ते ४८ असतील तर पुस्तिका. अर्थात ते आकडेवारी गोळा करण्यासाठी ठरवलं होतं, कविता मोजण्यासाठी नाही.

पण तेव्हा मी असला विचार केला नाही. इंजिनिअरने जे करायचं तेच केलं. रिक्वायरमेंट ६४ आहे ना? देतो ६४.

आयएसबीएनचं काम सोपं निघालं. दिल्लीच्या राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सीकडे ऑनलाईन अर्ज करायचा, पैसे लागत नाहीत, लेखक स्वतः प्रकाशक असला तरी चालतं. मग पानं. गावी गेलो आणि रबरबँडवाला गठ्ठा पुण्याला घेऊन आलो. नाना म्हणाले, "बघ तुला काय करायचं ते." हे वाक्य म्हणजे होकार असतो असं मी ३५ वर्षं समजत आलो होतो.

एका रविवारी बसून गठ्ठ्यातून १४ कविता काढल्या. झाल्या ४१. एका मित्राच्या सासूबाई मराठीच्या प्राध्यापिका, त्यांनी दोन दिवसांत सहा पानी प्रस्तावना दिली. 'ग्रामीण जाणिवांचा आशयघन आविष्कार' वगैरे. चार पानं मनोगत. ते नानांच्या नावाने मीच लिहिलं. अनुक्रमणिका जरा सुटसुटीत, तीन पानं. सुरुवातीची चार. झाली ५८. उरलेल्या सहांसाठी कवितांचे तीन विभाग पाडले, 'पाऊस', 'माणसं' आणि 'वाटा'. प्रत्येक विभागाला एक नावाचं पान आणि त्यामागे एक कोरं. ६४! टेस्ट पास झाल्यावर होतो तसा आनंद झाला. पुण्यात डिजिटल प्रिंटवर ५० प्रती काढल्या. कणा आला, कण्यावर नानांचं नाव आलं.

प्रती घेऊन गावी गेलो. नानांनी आधी चष्मा पुसला, मग पुस्तक उलटंसुलटं करून बघितलं, कण्यावरून बोट फिरवलं. मला वाटलं, जिंकलो. मग ते आत गेले आणि तासाभराने बाहेर आले. बोट एका पानात घातलेलं.

"ही का घेतलीस?"

'माणसं' विभागातली कविता होती. कुणा साहेबांचा गौरव. मला ती लयदार वाटली होती.

"सेंड-ऑफला लिहिली होती. साहेबांनी सांगितलं म्हणून. माझी नाही ती."

"पानं भरायची होती, नाना."

ते काही बोलले नाहीत. आईने चहा आणला. चहा पिऊन झाल्यावर कप खाली ठेवत अगदी शांतपणे म्हणाले, "त्या २७ निवडायला मला एकोणीस वर्षं लागली. तू १४ एका रविवारात निवडल्यास."

चिडून म्हणाले असते तर वाद घालता आला असता.

आणि तरी दुसऱ्या दिवशी पार्सल त्यांनीच बांधलं. ब्राऊन पेपर, सुतळी, लाख. पत्ता पेन्सिलीने नाही, शाईने. रजिस्टर पोस्टाने पाठवलं. (ते रजिस्टर पोस्टही २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं. नानांना त्याचं पुरस्कारापेक्षा जास्त वाईट वाटलं.) बक्षीस अर्थातच मिळालं नाही. पत्रसुद्धा आलं नाही.

नंतर कधीतरी अपराधी वाटून या विषयावर वाचत बसलो. ब्रिटनमध्ये २००९ मध्ये मायकल मार्क्स पुरस्कार सुरू झाले, खास कवितांच्या पुस्तिकांसाठी. तिथेही पानांची अट, पण उलटी. ३६ च्या वर गेलात तर बाद! म्हणजे तिथे नानांचं ३२ पानी चाललं असतं आणि माझं ६४ पानी परत आलं असतं. एका बैठकीत वाचून होते, लहान प्रकाशकाला परवडते, आणि कवीला काय टाकायचं ते ठरवावंच लागतं. पुस्तिका हा तिथे कवितेचा एक रीतसर घाट मानतात. आपल्याकडे पुस्तिका म्हणजे पुस्तक व्हायचं राहून गेलेली गोष्ट.

आणि आपल्याकडे तरी बारीक पुस्तकांनी काय कमी केलंय? अरुण कोलटकरांचं इंग्रजी 'जेजुरी' १९७६ मध्ये पुस्तकरूपाने आलं, ३१ कविता. १९७७ मध्ये त्याला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. कोलटकरांना भरतीची घाई कधीच नव्हती. त्यांची 'भिजकी वही' यायला २००३ उजाडलं.

पण मला जास्त लागलं ते दुसरंच. महाराष्ट्र शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या कवितासंग्रहाचा जो पुरस्कार आहे तो बहिणाबाई चौधरींच्या नावाचा आहे. बहिणाबाईंना लिहितावाचता येत नव्हतं. हयातीत त्यांचं एकही पुस्तक आलं नाही. १९५१ च्या डिसेंबरात त्या गेल्या आणि १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' निघालं, अवघ्या ३५ कवितांचं. ते बाहेर आलं कारण त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आईच्या तोंडची गाणी टिपलेली कागदं जपली होती आणि ती आचार्य अत्र्यांना नेऊन वाचून दाखवली.

मुलगा असाही असतो. आईचं जे होतं ते त्याने पुढे नेलं. मी नानांच्या नावाने मनोगत लिहिलं होतं.

असो. तर ते खोकं. माळ्यावरूनच नानांना फोन लावला, म्हटलं या ४१ प्रतींचं काय करू? म्हणाले, "राहू दे. मधली सत्तावीस चांगली आहेत." मग जरा थांबून म्हणाले, "दुसरी काढतोय."

"किती पानं?"

"एकच फर्मा. सोळा. बारा झाल्यात, अजून तीन काढून टाकायच्यात." मग नेहमीच्या पोस्टमास्तरी आवाजात, "टायपिंग तू कर. तुझं चांगलं असतं. फक्त निवड माझी."

मी म्हटलं, "बघा तुम्हाला काय करायचं ते."

पलीकडून हसल्याचा आवाज आला. या महिन्यात गावी जातोय, पेनड्राइव्ह घेऊन. कुठल्या पुरस्काराचे नियम अजून तरी मागवलेले नाहीत :-)